उंबऱ्यावरचा हवालदार

कुत्रा हा शब्द आपल्या घरांत प्राण्यासाठी कमी आणि माणसांसाठी जास्त वापरला जातो. भावाभावांत जमिनीवरून वाजले, जावयाने हात उचलला, निवडून आलेल्याने पक्ष बदलला, की हाच शब्द तोंडात येतो. तो प्राणी बिचारा कुठेतरी सावलीला पडलेला असतो. त्याचा या भानगडीशी काही संबंध नसतो.

उर्दू शिकवताना या शब्दाची आणखी एक गंमत अनुभवाला येते. अरबीत हृदयाला 'क़ल्ब' म्हणतात आणि कुत्र्याला 'कल्ब'. पहिला क़ाफने लिहायचा, दुसरा काफने. कोकणातल्या आमच्या मुलांच्या जिभेला हा फरक सहज साधत नाही. 'क़ल्ब-ए-सलीम' म्हणजे निर्मळ हृदय. मूल मोठ्या भक्तिभावाने वाचते आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निर्मळ कुत्रा येतो. क़ाफ घशातून काढायला शिकवताना आम्ही हेच उदाहरण देतो. वर्ग हसतो, आणि उच्चार मात्र लक्षात राहतो.

पण हाच 'कल्ब' मोठमोठ्या माणसांनी मिरवलेला आहे. १८६५ ते १८८७ या काळात रामपूरच्या गादीवर असलेल्या नवाबांचे नाव होते कल्बे अली खान, म्हणजे अलीचा कुत्रा. इराणचा शाह अब्बास स्वतःला हजरत अलींच्या उंबरठ्यावरचा कुत्रा म्हणवून घेत असे. आपल्याकडेही काही भाविक नम्रतेने स्वतःच्या नावामागे 'सगे-मदीना' लावतात. थोडक्यात, कोणाचे तरी दार असले की तोच शब्द अभिमानाचा होतो आणि दार नसले की शिवीचा.

या दाराचाच प्रश्न गेली काही वर्षे आमच्या घरात आहे. एखाद्या जिवाला घरात घ्यायचे नाही, आणि दारातून हाकलायचेही नाही, अशी जागा असते का? असली तर ती कोणी ठरवायची? फतव्याच्या पुस्तकाने, शेजाऱ्यांनी, की त्या जिवाच्या गरजेने?

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरही आले. घरातली पाचही माणसे वर गेलो: आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. पाणी एकेक पायरी गिळत वर येत होते, आणि त्याच्या पुढे, कोरड्या राहिलेल्या पायरीवर, एक तपकिरी पिल्लू बसलेले होते. पाणी एक पायरी चढले की तेही एक पायरी चढायचे. ते आवाज करत नव्हते. अम्मीची जानमाज वरच्या खोलीत अंथरलेली होती. अम्मी आयुष्यात कधी कुत्र्याच्या जवळून गेलेली नाही; रस्त्यात दिसला तर ओढणी सावरून पलीकडून जाते. तिने जिन्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "त्याला वर घ्या. पण माझ्या मुसल्याच्या बाजूला नको." या एका वाक्यात आमच्या घराचा सगळा कायदा येऊन गेला, हे पुढे हळूहळू आमच्या लक्षात आले.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायला कितीतरी दिवस गेले. पिल्लू गेले नाही. ते पडवीत राहिले, आणि अजून तिथेच आहे.

त्याचे नाव हवालदार. मुलांना 'कितमीर' ठेवायचे होते. अस्हाबे-कहफच्या कुत्र्याचे हे नाव तफसीरच्या पुस्तकांत येते, कुरआनात नाही. अम्मीने ते साफ नाकारले: "त्या नावाचा मान आहे. हा चपला चोरतो." चपला तो खरोखरच नेतो, पण चोरत नाही, जप्त करतो. पाहुणे आले की पडवीतल्या जोडांतून एकेक डावी चप्पल उचलायची, कोपऱ्यात नेऊन ठेवायची आणि त्या ढिगावर बसून राहायचे. चावायची नाही, फाडायची नाही. उजवी चप्पल त्याने कधी उचललेली आम्ही पाहिली नाही. यावर मुलांचे बरेच संशोधन झाले आहे, निष्कर्ष काही निघालेला नाही. ईदला भेटायला येणाऱ्यांना आता सवय झाली आहे. निघताना सगळे थेट कोपऱ्यात जातात.

तो अनोळखी माणसावर भुंकत नाही, कुकरच्या शिट्टीवर भुंकतो. काकडी मागून खातो. सकाळी शाळेला निघालो की नाल्यावरच्या साकवापर्यंत सोबत येतो आणि साकव सुरू होतो तिथे थांबतो. पलीकडे मात्र त्याने कधी पाऊल टाकलेले नाही. आणि पहिला मोठा पाऊस झाला की काही न सांगता जिन्याच्या सातव्या पायरीवर जाऊन बसतो. २०२१ मध्ये पाणी सहाव्या पायरीपर्यंत आले होते.

आता मसल्याकडे येतो. आम्ही मुफ्ती नाही, आणि हा लेख कोणाला फतवा देण्यासाठी नाही. पण आमच्या घरात दोन मसलक नांदतात. आमच्यापैकी एक कोकणी, म्हणून शाफई. दुसरे कोल्हापूरकडचे, म्हणून हनफी. शाफई मतानुसार कुत्रा सगळाच नापाक. त्याच्या ओल्या अंगाला हात लागला तर सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. हनफी मतात लाळ नापाक आहे, पण बाहेरचे अंग तसे मानलेले नाही, हे मत प्रचलित आहे. इमाम मालिक यांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच. भांडे सात वेळा धुवायचे ते आज्ञा म्हणून. कोरडा कुत्रा कोरड्या हाताला लागला तर शाफईंचीही हरकत नाही. अडचण एवढीच, की कोकणात चार महिने कोरडे असे काही नसतेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचे घर कडक शाफई असते. दिवाळीनंतर थोडी सवलत मिळते.

सात वेळा धुण्यामागे विज्ञान शोधणारे लेख आपल्याकडे नेहमी येतात. मातीतले जंतुनाशक गुण वगैरे. आम्हाला त्यात रस नाही. हुकूम पाळायला प्रयोगशाळेची शिफारस लागत असेल, तर उद्या प्रयोगशाळेने मत बदलल्यावर काय करणार?

आम्हाला लक्षात घेण्यासारखी वाटते ती वेगळीच गोष्ट. सहीह बुखारीत वुजूच्या प्रकरणात, कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुवा ही हदीस येते. तिच्या लगेच पुढे त्या माणसाची हदीस आहे, ज्याने तहानेने माती चाटणारा कुत्रा पाहिला, आपल्या पायातला मोजा काढून त्यात पाणी भरले, त्याला पाजले, आणि अल्लाहने त्याला माफ केले. आणि तिच्याही पुढे, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या काळात मस्जिदीत कुत्री येत-जात असत आणि त्यावर पाणी शिंपडले जात नसे, अशी अब्दुल्लाह बिन उमर यांची रिवायत. तिन्ही एकापाठोपाठ. धुण्याचा हुकूम आणि पाजण्याचा सवाब संकलन करणाऱ्या इमामांना एकाच प्रकरणात ठेवावेसे वाटले. आपण मात्र त्यातला एक उचलतो आणि दुसरा पुस्तकातच ठेवतो. त्या माणसाने नंतर मोजा धुतला की नाही, हे हदीसमध्ये नाही. नमाजाआधी धुतलाच असेल. पण पाजण्याआधी त्याने मोज्याचा विचार केला नाही.

नापाकी हा आपल्या हाताबद्दलचा, कपड्याबद्दलचा, नमाजाच्या जागेबद्दलचा कायदा आहे. त्या प्राण्याच्या लायकीवरचा तो निकाल नाही. आपल्या अंगातून निघणारे रक्तही नापाक असते; म्हणून जखमी माणसाला कोणी दगड मारत नाही. लहान मुलाने मांडीवर शू केली तर कपडे बदलायचे असतात, मूल नाही. इतकी साधी गोष्ट, पण मदरशातून येताना कुत्र्याला खडा मारणे हे पुण्याचे काम आहे अशा समजुतीत आपल्या मुलांच्या पिढ्या गेल्या. त्यांना थांबवणारा वडीलधारा आम्ही तरी क्वचितच पाहिला.

समोरच्या खाला नेमक्या याच्या उलट टोकाचा मुद्दा काढतात. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत. शिकार, गुरे, शेती यांखेरीज कुत्रा पाळला तर रोज सवाब कमी होतो. त्या म्हणतात ते हदीसमध्ये आहे, आणि आम्ही त्यातून पळवाट काढत नाही. दारावर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला अनेक उलेमांनी याच सवलतीत धरले आहे. हवालदाराची राखण कशी आहे ते वर सांगितलेच. तरी आमची वाट अम्मीच्या वाक्यावरूनच निघाली आहे: पडवी त्याची, उंबऱ्याच्या आत घर आमचे. त्याची भांडी वेगळी, ती धुण्याची जागा वेगळी, बालदीही वेगळी. उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवून तो आत पाहत बसतो, आत येत नाही. हे त्याला शिकवावे लागले नाही.

सूरह कहफमध्ये नेमके हेच चित्र आहे. गुहेत झोपलेले तरुण, आणि त्यांचा कुत्रा 'वसीद'वर पुढचे पाय पसरून बसलेला. मुफस्सिरांनी वसीदचा अर्थ उंबरठा असा केला आहे, अंगण असाही केला आहे. पुढे त्या तरुणांच्या संख्येवरून लोक वाद घालतील असे येते. कोणी म्हणेल तीन होते, चौथा त्यांचा कुत्रा. कोणी म्हणेल पाच, सहावा कुत्रा. कोणी म्हणेल सात, आठवा कुत्रा. खरी संख्या अल्लाहच जाणे. पण कोणताही आकडा घ्या, कुत्र्याला सोडून मोजणी पुरी होत नाही. तो गुहेच्या आत नाही, पण हिशेबात आहे. आम्हाला हवी होती ती जागा इथे आहे असे वाटते: बाहेर, पण मोजलेली.

आता आजच्या जमान्याकडे. एकेकाळी कुत्रा बाहेर आणि बिनमोजलेला होता. आता शहरात तो इतका आत आला आहे की कुत्रा म्हणून शिल्लकच राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरांत पाहतो: त्याला 'बाळ' म्हणतात, स्वतःला 'पेट पेरेंट' म्हणतात, वाढदिवसाला टोपी घालून केक कापतात आणि त्याचे रील काढतात. बर्फातला हस्की मे महिन्यात फ्लॅटमध्ये धापा टाकत असतो. त्याच्यासाठी एसी चालू ठेवावा लागतो. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे फिरणारा पग आला, आणि घरोघर पग आले. चपट्या नाकाच्या त्या जातीला श्वास घेणेच जड जाते, हे घेणाऱ्याला पशुवैद्याकडे गेल्यावर कळते. ज्या कारणासाठी तो 'गोड' दिसतो, तेच त्याचे दुखणे.

आपण यातून सुटलो असे समजू नये. कुत्रा नापाक, मांजर पाक, म्हणून आपल्या घरांत पर्शियन मांजरांची लाट आली आहे. हजारो रुपयांना विकत आणलेले, चपट्या तोंडाचे, डोळ्यांतून पाणी गळणारे मांजर सोफ्यावर आणि हजरत अबू हुरैरांचा दाखला तोंडावर. अबू हुरैरांनी मांजर दुकानातून आणले नव्हते. आणि त्याच घराच्या मागच्या दाराशी गल्लीतली मांजरी पिल्ले घेऊन ओरडत असते. तिला कोणी विचारत नाही. दीनचा दाखला देऊन फॅशन करणे हा आपला जुना आजार आहे. अरबस्तानातले बेदूही आपल्या शिकारी सलुकीला तंबूत घेतात आणि तो 'कुत्रा'च नाही असे मानतात. जात उंची असली की माणसाला नापाकीचाही विसर पडतो. गल्लीतल्या कुत्र्याला मात्र सगळे नियम लागू.

माया दाखवायला हरकत नाही, पण ती दाखवण्यासाठीच केली की त्या प्राण्याच्या वाट्याला काय येते हा प्रश्न आहे. हवालदाराचे रील काढायचा मुलांनी प्रयत्न केला. फोन समोर धरला की तो उठून जातो. मोठ्याने मग त्याला डावी चप्पल दाखवून बोलवायला सुरुवात केली. ती आम्ही बंद केली. त्याचे वेड त्याचे आहे; ते लोकांसमोर करून दाखवायची सक्ती कशाला?

उर्दू साहित्यिकांनी कुत्र्यावर लिहिले तेव्हा त्याला कुत्राच राहू दिले. पतरस बुखारींचा 'कुत्ते' हा लेख आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले पोट धरून हसतात. रात्री गल्लीत चालणारी भुंक त्यांनी मुशायऱ्यासारखी रंगवली आहे. मंटोच्या 'टेटवाल का कुत्ता'मध्ये दोन फौजांच्या मधल्या डोंगरात एक कुत्रा आहे. इकडचे म्हणतात तू आमचा, तिकडचे म्हणतात तू आमचा, आणि शेवटी तो गोळीने मरतो. ती गोष्ट संपली की वर्गात हसू नसते. एकदा एका मुलाने विचारले, "पण तो खरा कोणाचा होता?" त्या प्रश्नावर आमचा एक पूर्ण तास गेला.

तोच प्रश्न गेल्या वर्षी देशभर वेगळ्या रूपात उभा राहिला. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली होती. नसबंदी करून, लस टोचून, पकडले तिथेच परत सोडायचे, हा २००१ पासूनच्या नियमांचा गाभा. २०२३ मध्ये नवे नियम आले, गाभा तोच राहिला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस टोचून मूळ जागी सोडावीत, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा असाव्यात. मग ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवावीत आणि तिथे परत सोडू नयेत.

शाळा म्हटल्यावर विषय आमच्या वर्गात आला. इथे आम्हाला भोळी भूतदया परवडत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा बसला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा, हे आम्ही पाढ्यांसारखे पाठ करून घेतो. हळद-चुना लावून घरी बसणारे पालक अजून आहेत. आणि चावे कोणाला बसतात हेही पाहावे लागते. पहाटे झाडलोट करणाऱ्या बायकांना, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरांना, शाळेत पायी येणाऱ्या मुलांना. गाडीतून जाणारा माणूस काच वर करून भूतदयेवर भाषण देऊ शकतो. फाटकावर उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीला तशी काच नाही.

तरीही, ज्याला भीती वाटते त्याचे रक्षण करणे आणि ज्याची भीती वाटते त्याला संपवणे या एकच गोष्टी नाहीत, एवढे तरी शाळेत शिकवता आले पाहिजे. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. आपल्या दीनमध्ये तो मान नसेल, पण हक्क आहे: तहानेचा हक्क. तो पाक-नापाकीवर अवलंबून नाही.

हवालदाराला आम्ही लस टोचून घेतली, नसबंदीही केली. नसबंदीबाबत उलेमांत मतभेद आहेत. दरवर्षी पिल्ले होऊन ती महामार्गावर चिरडली जाण्यापेक्षा आम्हाला हे बरे वाटले. खालांना ते पटले नाही, पण पुढच्या ईदला त्यांनी आपली डावी चप्पल स्वतःच कोपऱ्यात नेऊन ठेवली.

शाळेच्या मागे एक काळी कुत्री असते. आवारात ती येऊ नये म्हणून तारेची जाळी आता बसवली आहे, उरलेल्या डब्याचे अन्न मागे टाकायचे बंद केले आहे. जाळीच्या बाहेर, रस्त्यापासून दूर, एक सिमेंटचे डोणे ठेवले आहे. त्यात पाणी कोणी भरायचे यावर सातवीत चर्चा झाली. दोन वर्षांपूर्वी पोटरीला चावा बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "मला चावलेल्यालाही द्यायचे?" आम्ही म्हटले, द्यायचे, पण जाळीबाहेर. ती बसली. मुलांनी फळ्यावर पाळ्या लिहिल्या, सोमवार ते शनिवार. त्या मुलीने आपले नाव लिहिले नाही, आणि आम्ही तिला लिही म्हटले नाही.